आई, पाणी पी!

मी मुलुंड पूर्वेतल्या अकरा बायकांना म्हातारपण शिकवते.

शिकवते म्हणजे काय, रोज सकाळी साडेसहाला आम्ही बागेत चालायला जमतो. चार फेऱ्या झाल्या की सगळ्या सिमेंटच्या बाकांवर टेकतात आणि मी उभी राहून एकेक नियम समजावून सांगते. नियम सात आहेत. मीच केलेत. न विचारता सल्ला देऊ नये. एकच गोष्ट दोनदा सांगू नये. दुसऱ्याच्या तब्येतीवर बोलू नये, आणि स्वतःच्या तर नाहीच नाही. समोरच्याचं वाक्य त्यालाच पुरं करू द्यावं. तरुणांना ‘आमच्या वेळी’ ऐकवू नये. रोज चालावं. आणि दिवसाला आठ पेले पाणी प्यावं. हे सगळं सुवाच्य अक्षरात लिहून, लॅमिनेट करून, मी प्रत्येकीला एकेक प्रत दिली आहे. आमच्या घरी ती फ्रिजवर आहे. (फ्रिजवर लावली की पाळल्यासारखी वाटते.)

हे सातही नियम मी स्वतः पाळते, असं मला अगदी परवापरवापर्यंत मनापासून वाटत होतं.

मग एका मंगळवारी आमची रेवती ऑफिसातून लवकर घरी आली. एकुलती एक मुलगी, वय एकोणतीस, आणि घरी लवकर आली म्हणजे काहीतरी मोठं सांगायचं असतं हे मला ठाऊक आहे. जोएलबद्दल आम्हाला वर्षभर माहीत होतं. तिच्याच ऑफिसातला मुलगा, बोरिवलीच्या एका जुन्या गावठाणातला, घरी मराठी बोलणारा, चर्चला नेमानं जाणारा, आणि आमच्या घरी आला की स्वतःची बशी स्वतः धुणारा. शेवटच्या गोष्टीवर मी त्याला मनातल्या मनात कधीच जावई करून टाकला होता.

“रविवारी त्यांच्याकडे जेवायला बोलावलंय,” रेवती म्हणाली. “पहिल्यांदाच. तुम्हा दोघांनाही.”

“अगं मग तोंड कसलं पाडतेस? जाऊ या की!”

“आई, जोएलचे पप्पा तयार आहेत. पण मम्मीचं अजून ‘बघू’ चाललंय. ती म्हणते, माणसं बघितल्याशिवाय मी हो बोलणार नाय. म्हणजे रविवारी जे होईल ते फायनल. कळतंय ना तुला?”

कळत होतं. आता ती विचारणार, आई, तुला ख्रिश्चन जावई चालेल ना? मी उत्तर तयारच ठेवलं होतं, चांगलं उदारमतवादी, दोन परिच्छेदांचं. पण रेवतीनं ते विचारलंच नाही.

तिनं विचारलं, “आई, तू तीन तास गप्प बसू शकशील का?”

आता इथं माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. मी तेहेतीस वर्षं एका धर्मादाय दवाखान्यात औषधांच्या खिडकीवर होते. लोक चिठ्ठी आत सरकवायचे, मी औषधं बाहेर सरकवायची, आणि सोबत चार शब्द सांगायची. जेवणाआधी घ्या. लोणचं बंद करा. सासूबाईंनाही घेऊन या, त्यांचा रंग मला ठीक वाटत नाही. निवृत्त झाले तेव्हा खिडकी तिथंच राहिली, चार शब्द घरी आले.

“मी बोलते का गं इतकी?” मी विचारलं.

रेवतीनं बोटांवर मोजायला सुरुवात केली. “मंदारदादाच्या साखरपुड्यात तू नवरीच्या वडिलांची नखं बघून त्यांना सांगितलंस की तुमच्यात रक्त कमी आहे. स्टेजवर! खालच्या मजल्यावरच्यांच्या वास्तुशांतीला तू भटजींचं ब्लडप्रेशर काढलंस. आणि जोएल पहिल्यांदा घरी आला, तर तू म्हणालीस, केस फार गळतात, थायरॉइड बघून घे.”

“बघून घेतलं ना त्यानं?”

“घेतलं! नॉर्मल आलं! बाबा, तुम्ही सांगा ना हिला.”

आमचे माधवराव पेपरामागून बाहेर आले. बँकेत होते, सदतीस वर्षं. बोलायच्या आधी नेहमी दोनदा विचार करतात आणि मग बहुतेक वेळा बोलतच नाहीत. ते हळूच म्हणाले, “वासंती, फ्रिजवरचे नियम छान आहेत. मी रोज वाचतो.” एवढंच बोलून ते परत पेपरात गेले.

मला वाईट वाटलं. लपवण्यात अर्थ नाही, फारच वाईट वाटलं. जिला बोलायला मी शिकवलं, तिलाच माझ्या बोलण्याची धास्ती वाटावी? पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते काही नाटकी नव्हतं. पोरीला हा मुलगा हवा होता. मी तिच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली, की रविवारी मी नियम पाळीन.

“तुझ्या लक्षातच येत नाही गं, कधी सुरू होतेस ते,” रेवती म्हणाली. “आपण एक खूण ठरवू या.” ती उठून फ्रिजपाशी गेली, माझ्याच कागदावर बोट फिरवत शेवटच्या ओळीवर थांबली. “हे झकास! तू नियम मोडलास की मी किंवा बाबा म्हणू, ‘आई, पाणी पी.’ की तू लगेच पेला उचलायचा आणि प्यायचं. तोंडात पाणी असलं की बोलता येत नाही. आणि त्यांना वाटेल, आई तब्येतीला जपतात.”

“मी ‘आई’ म्हणू?” माधवरावांनी विचारलं.

“तुम्ही ‘वासंती, पाणी पी’ म्हणा, बाबा.”

पस्तीस वर्षांत त्यांचा चेहरा इतका उजळलेला मी पाहिला नव्हता.

शुक्रवारी रंगीत तालीम झाली. लिफ्टमध्ये शेजारच्या शहाकाकांना मी नुसतं “पाय—” म्हणाले, तर दोन्हीकडून “पाणी!” हातात बाटली होतीच. भाजीवाल्याला म्हणाले, आमच्या वेळी भेंडी... “पाणी!” फोनवर बहिणीला म्हणाले, ते तुला सांगितलं का गं... “पाणी!” दुपारी चारपर्यंत मी सोळा वेळा पाणी प्यायले होते. आठ पेल्यांचा नियम मी केला खरा, पण तो दोनदा पाळायची वेळ माझ्यावर येईल असं वाटलं नव्हतं. आणि पहिल्यांदाच, अगदी पुसट, मनात आलं की मी बोलते वाटतं जरा जास्त.

रविवारी आम्ही टॅक्सी केली. ड्रायव्हर पवईपर्यंत कोरडं खोकत होता. (दोन घोट.) नंतर त्यानं सांगितलं की खोकला तीन आठवडे आहे. (अर्धी बाटली.) बोरिवलीला उतरेपर्यंत मी चांगलीच भरले होते.

गावठाण मात्र फार सुंदर होतं. टॉवरांच्या मधोमध एकदम बसकी कौलारू घरं, कोपऱ्यावर पांढरा क्रूस, त्याला ताज्या झेंडूचा हार. जोएलचं घर शेवटचं. मागं त्याच्या वडिलांचा भाजीचा मळा, म्हणजे आता उरलेला दहा वाफ्यांचा तुकडा. दारात जोएलचे आईवडील उभे होते. विन्सेंट, म्हणजे वडील, गोल पोटाचे, लालबुंद चेहऱ्याचे. आणि फिलोमिनाबाई, म्हणजे मम्मी, उंच, ताठ, फुलाफुलांच्या साडीतल्या. आम्हाला बघून त्या दोन पायऱ्या उतरून खाली आल्या.

आणि उतरताना लंगडल्या.

उजवा गुडघा. आतल्या बाजूनं सूज. मला पंधरा फुटांवरून दिसली.

“तुमचा गुड—”

“आई, पाणी पी!”

“आरे देवा, तहान लागली हाय वाटतं बाईंना!” फिलोमिनाबाई म्हणाल्या आणि लंगडत लंगडत आत पळाल्या. माझ्यामुळं त्या गुडघ्याला धावावं लागलं, याचा मला जो त्रास झाला तो सांगून कळणार नाही. त्या बाहेर आल्या त्या माठातल्या पाण्याचा स्टीलचा पेला घेऊन. पेला कसला, लहानशी कळशीच ती.

आता एक बारीकशी गोष्ट. माझं लहानपण पार्ल्यातलं, नळाला सकाळी तासभर पाणी यायचं. पेल्यात घेतलेलं पाणी टाकायचं नाही, संपवायचं, हे माझ्या आईनं माझ्या हाडात भिनवलंय. मी पेला संपवून खाली ठेवला. ठेवताक्षणी फिलोमिनाबाईंनी तो पुन्हा काठोकाठ भरला.

“आमचे घरान पावण्यांचा पेला रिकामा नाय ठेवत,” त्या म्हणाल्या.

मी त्या पेल्याकडे बघितलं. त्यांच्या घरात रिकामा ठेवत नाहीत आणि आमच्या घरात भरलेला सोडत नाहीत! म्हणजे आता हे थांबणार कसं?

थांबलं नाहीच. विन्सेंटनी कैरीच्या फोडी आणल्या आणि स्वतःच्या फोडीवर मीठ असं भुरभुरवलं, की त्या चेहऱ्याच्या रंगाकडे बघून माझा हात आपोआप उठला. “वासंती, पाणी पी,” माधवराव प्रेमानं म्हणाले. जोएल म्हणाला, हल्ली झोपच लागत नाही. “पाणी पी, आई.” विन्सेंट मळ्याचं सांगत होते, “वांग्यावर यंदा कीड पडली, मग मी काय केलं—” “कडुनिंब फवारलात,” मी म्हणाले. चौथा नियम! “आई!!” मग फिलोमिनाबाई म्हणाल्या, तुमची रेवती फार शांत हाय. “हो, लहानपणी एकदा काय झालं...” एवढं बोलून मी स्वतःच पेला उचलला. ती गोष्ट मी जोएलला तीनदा सांगितली आहे.

तासाभरात पाच कळशा झाल्या. मग व्हायचं तेच झालं.

न्हाणीघर मागच्या बाजूला, स्वयंपाकघरातून जायचं. पहिल्यांदा गेले तेव्हा फिलोमिनाबाई हसल्या. दुसऱ्यांदा गेले तेव्हा हसल्या नाहीत. तिसऱ्यांदा परत येत होते, तर स्वयंपाकघरात कुजबुज ऐकू आली आणि मी दाराबाहेरच थबकले.

“इतकं पाणी, इतक्या वेळा जाणं. साखर हाय बाईंना,” फिलोमिनाबाई म्हणत होत्या. “आणि पोरगी बघा, सारखी आईला पाणी पाजते. घरात सगळ्यांना म्हायती हाय.”

“असंल गं. या वयात असतेच,” विन्सेंट म्हणाले.

“असंल तर असू दे. पण बोलत का नाय? जुळवायला आले आणि आजार लपवतात! आज हे लपवतात, उद्या काय लपवतील? आणि ती बाई एक शब्द धड बोलत नाय. नुसती माझ्या पायाकडं बघते आणि पाणी पिते. नाय हो, माझं मन नाय लागत या माणसांत.”

मी बोलले असते तर लग्न मोडणार होतं, म्हणून गप्प बसले, आणि आता गप्प बसल्यामुळं लग्न मोडत होतं! आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्याबद्दल म्हटलं होतं की ही बाई बोलत नाही. तेहेतीस वर्षं मी माणसांना नुसतं बघून त्यांचे आजार ओळखले, आणि आज माझा आजार ओळखला गेला होता. तोही चुकीचा!

जेवायला बसलो. टेबलावर घरच्या मसाल्याचं चिकन, बटाटे, वाटाण्याचा भात, आणि टोपलीभर गरमगरम फुगे. हे फुगे म्हणजे पिठाचे तळलेले गोळे, आत जाळीदार, बाहेर खुसखुशीत. जोएल डब्यात आणायचा तेव्हा रेवतीनं एकदा मला दोन आणून दिले होते, तेव्हापासून मी या दिवसाची वाट बघत होते. टोपली माझ्यापर्यंत आली आणि माझ्या डोक्यावरून पलीकडे गेली. भातही गेला. बटाटेही गेले. माझ्या ताटात चिकनचा एक तुकडा, उकडलेल्या शेंगा आणि काकडी.

मग विन्सेंट मळ्यातून आले. हातात पेला, पेल्यात काहीतरी गडद हिरवं.

“घरचं कारलं,” ते मोठ्या मायेनं म्हणाले. “आताच पिळलं. माझे मेव्हण्याला याच्यावर लय फरक पडला.”

शपथ गेली खड्ड्यात, असं मनाशी म्हणून मी तोंड उघडलं. “अहो, मला डायबेटिस नाहीये!”

समोरून रेवतीनं डोळे वटारले. तिनं स्वयंपाकघरातलं काही ऐकलेलं नव्हतं. तिला एवढंच कळलं, की आई जेवणाच्या टेबलावर आजारपणाचा विषय काढते आहे. तिसरा नियम.

“आई, पाणी पी!”

फिलोमिनाबाईंनी विन्सेंटकडे बघितलं. विन्सेंटनी ताटाकडे बघितलं. माझा पेला पुन्हा भरला गेला. मी पाणी प्यायले आणि मग कारल्याचा रसही प्यायले, कारण पेल्यात घेतलेलं टाकायचं नाही. तोंड इतकं कडू झालं की पुढची पाच मिनिटं मला कुणी पाणी पी म्हणायची गरज पडली नाही.

जेवणानंतर रवा आणि नारळाचा केक आला. परातीतच भाजलेला, वर लालसर पापुद्रा, बदामाचे काप. मला अर्थातच मिळाला नाही. पण माझं लक्ष केककडे नव्हतंच. माझं लक्ष माधवरावांकडे होतं. कारण आमच्या घरात डायबेटिस आहे. बारा वर्षं आहे. आणि तो माधवरावांना आहे!

पहिला तुकडा त्यांनी सभ्यपणे घेतला. मी म्हटलं, असू दे, पाहुणचार. दुसरा घेतला. मी डोळ्यांनी खुणावलं. तिसऱ्याला हात घातला तेव्हा मला राहवेना.

“अहो, तुमची—”

“वासंती,” ते माझ्याकडे न बघता, तोंडातला केक सांभाळत म्हणाले, “पाणी पी.”

हा माणूस! बोलण्याआधी दोनदा विचार करणारा हा माणूस! त्याचा दुसरा विचार काय असतो ते मला त्या क्षणी कळलं. मी रागानं पेला उचलला आणि अर्धं पाणी साडीवर सांडलं. हात थरथरत होता.

“बगा, हात कापतो,” फिलोमिनाबाई म्हणाल्या आणि उठल्या. “आता मी नाय गप्प बसणार. बाई, राग मानू नका. माझे भावानं असंच लपवलं होतं, शेवटी त्याचं पायाचं बोट कापून टाकावं लागलं.” कपाटातून त्यांनी एक छोटी पेटी काढली. साखर तपासायचं मशीन! “बोट द्या. काय हाय ते सगळ्यांसमोर समजू दे. आजाराचं मला काय नाय, लपवलेलं मला खपत नाय.”

रेवती पांढरीफटक पडली. जोएल “मम्मी, काय करतेस!” म्हणून उठला. मी मात्र बोट असं पुढं केलं, की जणू अंगठी घालून घ्यायची आहे. सुई टोचली, थेंब आला, मशीन पीप वाजलं.

“एकशे चार,” फिलोमिनाबाईंनी वाचलं. पुन्हा वाचलं. “जेवल्यावर एकशे चार? मशीन बिघडलं काय?”

“दुसऱ्या कुणाचं तरी बघ ना मग,” जोएल म्हणाला. बिचारा चांगल्या मनानं म्हणाला. “अंकल, तुमचं बघू?”

माधवरावांनी दोन्ही हात टेबलाखाली घेतले. “नको नको. मला सुईची भीती वाटते.”

“अहो, द्या की,” मी म्हणाले. तेहेतीस वर्षांचा सगळा आवाज मी त्या तीन शब्दांत घातला. त्यांनी बोट दिलं.

दोनशे चौऱ्याऐंशी.

त्यानंतर मी जी सुरू झाले ती, माधवरावांच्या म्हणण्यानुसार, बारा मिनिटं. माझ्या अंदाजानं पाच. “तीन तुकडे! तीन! मी घरात चहात साखर मोजून घालते आणि तुम्ही परकी परात साफ करता! वर मलाच पाणी पाजता! आणि विन्सेंटभाऊ, तुम्हीसुद्धा, एवढं मीठ? चेहरा बघा आरशात, उद्या सकाळी आधी प्रेशर बघून या. आणि जोएल, झोप येत नाही तर रात्री ती कॉफी कशाला ढोसतोस? आणि बाई, तुम्ही, तो गुडघा! अडीच तास मी बघते आहे, तुम्ही त्या गुडघ्यावर उड्या मारताय, आणि माझा जीव तीळतीळ तुटतोय, आणि मला बोलायची चोरी!”

“आई,” रेवती रडकुंडीला आली होती, “प्लीज. पाणी पी ना.”

“नाही पिणार! आता एक घोट प्यायले तर या गावात पूर येईल!”

आणि मग मी सगळं सांगून टाकलं. फ्रिज, सात नियम, शपथ, खूण, सगळं. शेवटी म्हणाले, “आम्ही आजार लपवत नव्हतो हो. आम्ही मला लपवत होतो.”

रेवतीनं तोंड हातांत लपवलं होतं. मला वाटलं, लागली वाट. पोरीचं एक मागणं होतं, तीन तासांचं, आणि ते मला जमलं नाही. या वेळी मला खरोखर पाणी हवं होतं. पण मागायची हिंमत नव्हती.

फिलोमिनाबाईंनी मशीन पेटीत परत ठेवलं. मग म्हणाल्या, “म्हणजे तुमी माझ्या पायाकडं बघत होता, ते...”

“आतल्या बाजूनं सूज आहे. चढताना नाही, उतरताना जास्त दुखतो ना?”

“हाव! उतरताना!” त्या ओरडल्याच. “माझे घरात कुणाला नाय कळत! या माणसाला सांगते तर बोलतो, वय झालं! आणि मला वाटलं, मुलुंडची शिकलेली बाई, माझं लंगडणं मोजते.” त्यांनी खुर्ची ओढली, माझ्या शेजारी बसल्या आणि पाय सरळ माझ्यापुढं केला. “बगा. आणि सांगा. सगळं सांगा.” मग थांबून म्हणाल्या, “आमचे गावान, विहीणबाय, बोलणाऱ्या बाईला कोण घाबरत नाय. गप्प बसणारीलाच आमी घाबरतो.”

विहीणबाय! रेवतीनं हळूच बोटांच्या फटीतून बघितलं. जोएलनं फुग्यांची टोपली उचलली आणि सगळीच्या सगळी माझ्यासमोर ठेवली. विन्सेंट मळ्यात गेले, दोन कारली तोडून आणली, आणि दुसरा हिरवा पेला माधवरावांपुढं आला. फिलोमिनाबाई पेल्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, “पाणी पिऊ नका. हे प्या.” माधवरावांनी तो संपवेपर्यंत आम्ही दोघी विहिणी दोन बाजूंना बसून होतो.

परतीच्या टॅक्सीत रेवतीनं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. “सॉरी, आई.”

“नाही गं,” मी म्हणाले. “तुझं अगदीच चुकलं नव्हतं. शुक्रवारी सोळा वेळा झालं ते काही तुम्ही बनवून सांगितलं नव्हतंत.” हे मी मनापासून म्हणाले. गुडघा निघाला म्हणून वाचले. त्या घरात सगळे ठणठणीत असते तर माझं काही खरं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बागेत मी हा सगळा प्रसंग अकरा जणींना सांगितला. हसून हसून बाकं हलली. मंगळवारी पुन्हा बाकांपाशी उभी राहिले आणि म्हणाले, “बायांनो, रविवारी आमच्याकडे काय झालं माहितीये का?” पुढच्या बाकावरच्या निमाताईंनी आपली पाण्याची बाटली उघडून माझ्या हातात दिली. (रेवतीची गोष्ट सांगण्याच्या नादात मी रेवतीची खूणही सांगून टाकली होती.)

लग्न ठरलंय. आमच्याकडचे विधी आधी, त्यांच्याकडचे नंतर. परवा फिलोमिनाबाईंचा फोन आला होता. त्यांच्यात लग्नाच्या आदल्या दिवशी बँड लावून, वाजतगाजत विहिरीवर जाऊन पाणी आणतात, त्याचं आमंत्रण द्यायला.

“तुमी सगळ्यांच्या पुढं चालायचं, विहीणबाय,” त्या म्हणाल्या. “गुडघा आता बरा हाय, मी पण चालते. फक्त तुमचे पोरीला सांगून ठेवा, तिथं तुमाला ‘पाणी पी’ बोलू नको. आमचे गावाला विहीर एकच हाय.”

मी पोट धरून हसले. मग हसता हसता म्हणाले, “येते हो, नक्की येते. पण काय हो, विहिरीचं पाणी म्हणता, त्यात क्लोरीन शेवटचं कधी टाकलं होतं? कारण आमच्या दवाखान्यात एकदा काय झालं...”

रेवती आता मला टोकत नाही. ती नुसती दारात येऊन उभी राहिली आणि फ्रिजकडे बघायला लागली.

मी फोन कानाला तसाच धरून उठले आणि मुकाट्यानं पेला भरून घेतला. दिवसातला अकरावा.